'ओके' म्हणण्यापूर्वी



वडखळ नाक्यावरून जाणाऱ्या मालट्रकांच्या पाठीवर 'हॉर्न ओके प्लीज' हे शब्द आपण वाचले आहेत. २०१५ साली महाराष्ट्र सरकारने ते लिहिण्यास बंदी केली. पण 'ओके' आपल्या तोंडून गेला नाही.

हा शब्द आला कोठून? 'ऑल करेक्ट', म्हणजे 'सर्व बरोबर', हे शब्द गंमतीने चुकीचे लिहून त्यांची 'ओ' व 'के' ही आद्याक्षरे बॉस्टनच्या एका वृत्तपत्राने २३ मार्च १८३९ रोजी छापली. पुढील वर्षी अमेरिकेच्या अध्यक्षीय निवडणुकीत, व्हॅन ब्यूरेन यांच्या 'ओल्ड किंडरहूक' या टोपणनावामुळे तो देशभर पसरला. ॲलन वॉकर रीड या संशोधकांनी १९६३-६४ मध्ये ही हकिकत पुराव्यानिशी मांडली.

आज 'ऐकले', 'समजले', 'पटले', 'कबूल' हे सारे अर्थ या एकाच शब्दात कोंबले जातात. म्हणून विद्यार्थ्यांनो, धडा समजला नसेल तर शिक्षकांना 'ओके' म्हणू नका, पुन्हा विचारा. आणि पालकहो, पुढील शिक्षण किंवा लग्न यांविषयी मुलगी नुसते 'ओके' म्हणाली, तर तिने केवळ ऐकले की तिला खरोखर कबूल आहे, हे तिच्यापाशी बसून विचारा. निकाहात 'कबूल' या शब्दाला साक्षीदार लागतात, ते उगाच नव्हे.