टीव्हीचा संच घेताना

गेल्या दिवाळीत आमच्या परिचयाच्या एका गुरुजींनी मोठ्या हौसेनं पंचावन्न इंची टीव्ही घेतला. थकबाकी हाती आली होती, आणि मुलगा वर्षभर मागे लागला होता. दुकानात त्या पडद्यावर एक पोपट असा दिसत होता की त्याची पिसं मोजावीत. घरी आणून भिंतीवर लावला, जुनीच छत्री जोडली, बातम्या लावल्या. तो निवेदिकेचा चेहरा पाण्यात पाहिल्यासारखा पुसट! घरच्या मंडळींनी ठरवून टाकलं, दुकानदारानं फसवलं. मुलाची तक्रार निराळीच. त्यानं आपलं खेळाचं यंत्र जोडलं होतं, आणि तो म्हणे, क्रिकेटमध्ये बॅट उशिरा फिरते.

खरं म्हणाल तर दुकानदारानं फसवलं नव्हतं आणि संचही चांगला होता. या पडद्यात आपण घालणार काय, एवढा एकच प्रश्न गुरुजींनी स्वतःला विचारला नव्हता.

त्याचं असं आहे. मुंबईचं दूरचित्रवाणी केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झालं. तेव्हाचं चित्र ६२५ ओळींचं, आणि त्यांतल्या प्रत्यक्ष चित्राच्या ओळी ५७६. आता गंमत पाहा. फुकट दिसणाऱ्या डी. डी. फ्री डिशवरच्या बहुतेक वाहिन्या आजही त्या ५७६ ओळींच्याच आहेत. संच मात्र पार बदलले. फुल एच. डी. म्हणतात त्या पडद्यावर १,०८० ओळी असतात आणि फोर-के पडद्यावर २,१६०. म्हणजे जिथं एक ओळ आली, तिथं जवळजवळ चार भरायच्या. उरलेल्या आणायच्या कुठून? संच शेजारच्या ओळी पाहून त्या अंदाजानं भरतो. वाटीभर दूध चार पेल्यांना पुरवायचं तर पाणी घालण्यावाचून गत्यंतर नसतं, तसंच हे. पडदा जितका मोठा, तितकं ते पाणी जास्त दिसतं.

तेव्हा घरी फुकटची छत्रीच राहणार असेल आणि बाकी काही जोडायचं नसेल, तर बत्तीस किंवा त्रेचाळीस इंची साधा संच तुम्हांला अधिक सुख देईल. एच. डी. वाहिन्यांचा पेटारा घेणार असाल, इंटरनेट धड चालत असेल, किंवा खेळाचं यंत्र जोडायचं असेल, तरच मोठ्या फोर-के पडद्याचे पैसे वसूल होतात.

दुसरी गोष्ट अंतराची. दुकानात जाण्यापूर्वी भिंतीपासून बसायच्या जागेपर्यंत दोरी धरा आणि मोजा. संचाचे इंच हे कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंतचे, म्हणजे कर्णाचे असतात, हे शिक्षकांना सांगायला नकोच. त्रेचाळीस इंची फुल एच. डी. पडद्यावरचे ठिपके साडेपाच फुटांच्या पलीकडून निकोप डोळ्यालाही सुटे दिसत नाहीत. दहा फुटांवरून पाहणाऱ्याला तेवढ्याच पडद्यावर फोर-के असलं काय आणि नसलं काय! त्याच किमतीत मिळालं तर जरूर घ्या, पण केवळ त्या नावासाठी चार-पाच हजार जास्त मोजू नका.

शाळेचा हिशेब मात्र उलटा आहे. तिथं अक्षर वाचता यायला हवं. साधा ठोकताळा असा, की शेवटचं मूल पडद्याच्या उंचीच्या सहापटींपेक्षा लांब नसावं. पंचावन्न इंची पडद्याची उंची सुमारे सत्तावीस इंच, म्हणजे अंतर झालं साडेतेरा फूट. वर्ग वीस फुटांचा असेल तर मागच्या बाकांनी काय करायचं? लोकवर्गणीतून संच घेणाऱ्या शाळांनी हे आधी पाहावं. मोठा संच परवडत नसेल तर मुलं पुढं बसवावीत आणि अक्षरं मोठी करावीत.

आता बॅट उशिरा का फिरते? चित्र आलं की संच त्याचे रंग खुलवतो, कडा घासतो, मधल्या ओळी भरतो. या साऱ्या साजशृंगाराला वेळ लागतो. सिनेमात तो कळत नाही, कारण आवाजही तेवढाच थांबवून ठेवलेला असतो. खेळात मात्र बटण तुमच्या हाती असतं. अनेक संचांत हा उशीर सेकंदाच्या दहाव्या भागाएवढा होतो. खेळाचं यंत्र सेकंदाला साठ चित्रं धाडत असेल, तर तेवढ्यात सहा चित्रं निघून जातात आणि चेंडू यष्टीवर! यावर उपाय संचातच असतो. त्याला गेम मोड म्हणतात. तो लावला की संच साजशृंगार बराचसा सोडून देतो आणि चित्र झटपट दाखवतो. काही संचांत तो आपोआप लागतो, काहींत हातानं लावावा लागतो. घेताना 'गेम मोडमध्ये किती मिलिसेकंद उशीर होतो' असं विचारा. विक्रेत्याला सांगता आलं नाही तर तिथंच खेळ जोडून पाहा.

प्लेस्टेशन ५ सारखी २०२० नंतरची यंत्रं फोर-के चित्र सेकंदाला १२० वेळाही देऊ शकतात. तेवढं हवं असेल तर पडदा खरोखरीच १२० हर्ट्झचा आणि जोडणी एच. डी. एम. आय. २.१ ची पाहिजे. खोक्यावर 'मोशन' असा काही शब्द जोडून मोठा आकडा छापलेला असतो, त्यावर जाऊ नका. 'पॅनेल किती हर्ट्झचं?' असंच विचारा. मुलगा मोबाइलवरचाच खेळ पडद्यावर खेळणार असेल, तर या खर्चाची गरज नाही. बिनतारी जोडणीत उशीर वाढतो, म्हणून फोनला सोय असेल तर तारेनं जोडावा, इतकंच.

दुकानात समोर उभं राहून भुलू नका. तिथं संच भडक रंगांवर ठेवलेला असतो आणि चित्रही खास त्याच्यासाठीच बनवलेलं असतं. 'पोपट पुरे, साधी वाहिनी लावा' असं स्पष्ट सांगा. मग बाजूला सरकून पाहा. आपल्याकडे सामना लागला की सोप्यात, उंबऱ्यावर, दारात माणसं बसतात. बाजूनं रंग फिके पडणारा पडदा एकट्या खेळाडूला चालेल, या गोतावळ्याला नाही. ओलेड जातीचा पडदा दिसायला सर्वांत देखणा, पण एकच धावफलक रोज तासन् तास ठेवला तर त्याचा डाग उमटण्याचा धोका असतो.

आणि तालुक्याला दुरुस्तीची सोय कोणाची आहे, तेही विचारून घ्या. पडदा फुटला तर नव्याचा खर्च कित्येकदा संचाच्या किमतीजवळ जातो, आणि फुटलेला पडदा हमीत सहसा बसत नाही. वळवाचं आभाळ भरून येताच प्लग काढा, छत्रीची वायरही काढा. नुसतं बटण बंद करून भागत नाही.

गुरुजींच्या घरचं सांगायचं राहिलं. त्यांनी भडक रंग आणि शार्पनेस कमी केला, खुर्च्या तीन फूट मागे घेतल्या, एच. डी. चा पेटारा आणला. निवेदिका आता ओळखू येते. मुलानं गेम मोड लावला आहे. बाद तो अजूनही होतो, पण आता टीव्हीला बोल लावत नाही.