भानू अथैया आणि आपल्या ट्रंका

(मंडळाच्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला केलेले भाषण)



बीदर काय, गुलबर्गा काय, आपले दोन्ही जिल्हे निजामाच्या राज्यातले. त्यामुळे हैदराबादला गेल्यावर पुरानी हवेलीतले सहाव्या निजामाचे, महबूब अली पाशाचे कपाट पुष्कळांनी पाहिले असेल. कपाट कसले, दुमजली दालनच ते! बाहेर आल्यावर आपण बोलतो ते लाकडाबद्दल आणि लांबीबद्दल. कपडे कोणी बेतले, कोणी शिवले, हे कोणी विचारत नाही.

बेतणाऱ्याचे नाव लावून संग्रहालयात कपडे मांडायचे, ही जगातही तशी अलीकडचीच गोष्ट. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने हयात वेशरचनाकाराच्या साऱ्या कामाचे प्रदर्शन पहिल्यांदा भरवले ते डिसेंबर १९८३ मध्ये, फ्रान्सच्या ईव्ह सँ लोराँ यांचे. आणि त्याच वर्षी एप्रिलमध्ये आपल्या कोल्हापूरच्या भानू अथैया यांना ‘गांधी’ चित्रपटासाठी ऑस्कर मिळाले होते. ऑस्कर मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय.

माहेरच्या त्या राजोपाध्ये, जन्म १९२९ चा. वडील अण्णासाहेब चित्रकार. ते लवकर गेले. भानूताई मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकल्या. हुसेन-रझांच्या प्रोग्रेसिव्ह ग्रुपच्या १९५३ च्या प्रदर्शनात त्यांची चित्रे लागली होती. पुढे त्या कपड्यांकडे वळल्या, पण नजर चित्रकाराचीच राहिली. ‘आम्रपाली’साठी त्यांनी अजिंठ्याच्या भित्तिचित्रांचा अभ्यास केला. ‘गांधी’ची गोष्ट तर १८९३ ते १९४८ अशी पंचावन्न वर्षांची. सुटाबुटातला बॅरिस्टर पंचावर येईपर्यंत भोवतालची माणसेही बदलत जातात. कोणत्या प्रांताचा फेटा, कोणाचे धोतर कसे नेसलेले, खादी कधी अंगावर आली, हे सगळे सांभाळायचे! पुरस्कार जॉन मोलो या इंग्रज गृहस्थांबरोबर विभागून होता, पण देशी अंगावरचा कपडा बाईंचा.

आता खरी बोचणारी गोष्ट. २०१२ मध्ये भानूताईंनी ती ऑस्करची बाहुली अमेरिकेतल्या अकादमीकडे परत पाठवली, सांभाळायला. शांतिनिकेतनातून रवींद्रनाथांचे नोबेल पदक २००४ मध्ये चोरीला गेले होते. आपल्यामागे या बाहुलीचे काय, ही काळजी त्यांनी बोलून दाखवली होती. २०२० मध्ये त्या गेल्या. त्यांनी असे करायला नको होते, म्हणणारे भेटतात. मला त्यांचे पटते. पदकाची ही कथा, तर कपड्यांची काय? चित्रीकरण संपले की सिनेमाचे कपडे उसवतात, दुसऱ्याच्या मापाचे होतात, भाड्याने जातात.

आणि आपण तरी काय करतो? घरोघरी आजीच्या ट्रंकेत इरकल असते. अंग सुती, पदर रेशमी, आणि दोन्हींचे ताणे एकेक फासा घालून जोडलेले. ते जोडकाम बोटांचे आहे, यंत्राचे नाही. बरोबर गुळेदगुड्डच्या खणाची चोळी. एक दिवस बोहारीण येते, लुगड्याची जर बघते आणि पातेले देऊन जाते. पातेले मात्र आपण जपतो! त्यावर नाव, तारीखसुद्धा घालून घेतो.

म्हणून एक सुचवते. येत्या गणेशोत्सवात दोन दिवस आपल्या सभागृहात जुन्या कपड्यांचे प्रदर्शन मांडू. घरटी एकच वस्त्र. लुगडे, चोळी, कुंची, आजोबांचा रुमाल, शेरवानी, काहीही. फाटलेले चालेल. सोबत चिठ्ठी हवी: कोणाचे, कोणत्या कार्याला घेतले, बाजार कुठला, शिंप्याचे नाव आठवत असल्यास तेही. कपाळावर हात मारू नका, आठवत नसेल तर घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या बाईंना आजच विचारा. कपडा धुऊन, कडक इस्त्री करून आणू नका. जुनी घडी तिथेच तुटते. जरीला डांबरगोळी लागू देऊ नका, ती काळी पडते. स्वच्छ सुती पंचात गुंडाळून आणा. काचेची दोन कपाटे मंडळाकडे आहेत. बाकी पलंग आणि सतरंज्या घरून आणाव्या लागतील.