परसातील संत्र्याची तोडणी

(सरपंच, पंचायत सदस्य व शिक्षक यांच्यापुढे केलेले भाषण)



नागपूर आणि अमरावती जिल्ह्यांत संत्र्याच्या बागांविषयी बोलणारे पुष्कळ आहेत. परसातल्या किंवा शाळेच्या आवारातल्या एकट्या झाडाविषयी मात्र क्वचितच कोणी बोलते. बागाईतदाराकडे व्यापारी येतो, तज्ज्ञ येतो. या झाडाकडे येतात ती मुले, आणि त्यांच्या हाती बहुधा काठी असते.

आंब्याच्या सवयीने आपण संत्र्याकडे पाहतो. आंबा आढीत पिकतो, केळीचा घड खोलीत पिकतो. संत्रे, मोसंबी, लिंबू यांचे तसे नाही. तोडल्यानंतर त्यांच्या सालीचा रंग कदाचित बदलेल. गोडी वाढत नाही. दिवाळीपूर्वी घाईने उतरविलेले आंबट संत्रे पंधरा दिवस घरात ठेवले, तर ते सुकेल एवढेच.

फळ तयार झाले हे केवळ रंगावरून ठरवू नये. सालीला केशरी रंग चढतो तो मुख्यतः रात्रीच्या गारव्याने. म्हणून आंबिया बहाराचे फळ थंडी पडण्यापूर्वी आतून गोड आणि बाहेरून हिरवट असू शकते. फुलोऱ्यापासून सुमारे 8 ते 9 महिने मोजावेत, फळ हाताला जड लागते का ते पाहावे आणि झाडाच्या निरनिराळ्या बाजूंची दोनतीन फळे चाखावीत. फार काळ झाडावर राहिलेल्या संत्र्याची साल फोडींपासून सुटते व रस आटतो, हेही ध्यानात असावे. लिंबू आपल्याला आंबटच हवे असते. त्याचा गर्द हिरवा रंग फिकट होऊन पिवळसर झाक येताच ते काढावे.

तोडणी दव सुकल्यावर करावी. ओल्या सालीतील तेलाच्या ग्रंथी थोड्या दाबानेही फुटतात व तेथे डाग पडतात. फळ ओढू नये. संत्र्याची सैल साल देठापाशी फाटते, त्या जखमेतून बुरशी शिरते आणि टोपलीतील शेजारची फळेही नासतात. कात्रीने देठ फळालगत कापावा. लांब राहिलेला देठ दुसऱ्या फळाला टोचतो. काठीच्या झोडपण्याने फळाला मार बसतो, शिवाय पुढचा बहार ज्यांवर यावयाचा त्या फांद्याही मोडतात.

पंचायतीच्या आवारातील झाडे लिलावाने दिली, तर ठेकेदार एका दिवसात झाड रिकामे करू पाहतो. सर्व फळे एकाच दिवशी तयार होत नसल्याने निम्मी कच्ची जातात. माझ्या मते शाळेतील एकट्या झाडाचा लिलाव करूच नये. त्यातून पंचायतीला असे किती मिळणार? दुपारच्या जेवणाबरोबर संत्र्याच्या चार फोडी किंवा वरणावर लिंबू मिळाले, तर मुलांना क जीवनसत्त्व मिळते आणि डाळी-पालेभाज्यांतील लोह अंगी लागण्यासही त्याची मदत होते. लिलाव करावयाचाच असेल, तर फळे दोनतीन वेळा तोडावीत व कात्रीनेच तोडावीत, ही अट लेखी घालावी. पहिल्या वेळी बाहेरील, उन्हाकडची फळे घ्यावीत; आतली आठदहा दिवसांनी पुन्हा चाखून पाहावीत.