समोरचे दुकान

(संत सेना महाराजांच्या पुण्यतिथीनिमित्त सेलू येथे भरलेल्या समाजाच्या वार्षिक मेळाव्यात एका सेवानिवृत्त शिक्षकाने केलेले भाषण)



आजच्या पुण्यदिनी हा गुरुजी एका चित्रपटाविषयी, आणि तोही अमेरिकेतल्या चित्रपटाविषयी बोलणार, हे ऐकून काही वृद्धांच्या कपाळास आठी पडली असेल. परंतु हा चित्रपट आपल्याच दुकानाचा आहे. त्याचे नाव 'बार्बरशॉप'. पहिला भाग २००२ साली निघाला, दुसरा २००४ साली आणि तिसरा २०१६ साली. मला बोलावयाचे आहे ते मुख्यतः दुसऱ्या भागाविषयी.

शिकागो शहराच्या दक्षिण अंगास कृष्णवर्णीयांची वस्ती आहे. तेथे कॅल्विन पामर नावाच्या तरुणाचे वडिलार्जित केशकर्तनालय आहे. पहिल्या भागात त्यास ते लोढणे वाटते. तो ते विकून बसतो आणि मग पस्तावतो. दुसऱ्या भागात संकट बाहेरून येते. रस्त्याच्या पलीकडे, अगदी समोर, 'नॅपी कट्झ' नावाचे झगझगीत दुकान उघडते. ते एकट्या कारागिराचे नव्हे. गावोगाव शाखा असणाऱ्या धनवंतांचे. शिवाय आसपासच्या जागांवर जमिनीच्या व्यापाऱ्यांचा डोळा असतो. विषय गंभीर असला तरी चित्रपट विनोदी आहे. त्यात एडी नावाचा एक म्हातारा कारागीर आहे. त्याची जीभ अखंड चालते, कातर क्वचित. असा एक एडी आपल्या प्रत्येक दुकानात असतो, आणि आज या सभेतही तो कोठे बसला आहे हे मला येथून दिसत आहे.

या एडीच्या खुर्चीची हकीकत मात्र हसण्यावारी नेण्यासारखी नाही. १९६७ साली पोलिसांना चुकवीत तो या दुकानात शिरतो. कॅल्विनचा बाप त्यास आसरा देतो आणि एक खुर्ची देतो. पुढे १९६८ साली मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येनंतर शिकागोत दंगली उसळल्या. त्या वेळी हाच एडी दुकान राखतो. इतरांना खुर्चीचे भाडे पडते, एडीस पडत नाही, त्याचे कारण हे. समोरच्या दुकानाचा धसका घेतलेला कॅल्विन आपल्या दुकानाचे रूप त्याच्यासारखे पालटू लागतो, तेव्हा ही जुनी देवघेवच पणाला लागते.

आता सेलूकडे येऊ. स्पर्धेचे दुःख आपणांस नवे आहे काय? १९०४ साली अमेरिकेत जिलेट यांस सुरक्षित वस्तऱ्याचे पेटंट मिळाले आणि लोक घरच्या घरी दाढी करू लागले. तरी आपले दुकान चालूच राहिले. त्याही आधीची गोष्ट पाहा. आपले आजेपणजे निजामी अमलात बलुतेदार होते. धोकटी काखेत मारून दारोदार फिरावयाचे, झाडाखाली पोत्यावर बसून हजामत करावयाची आणि सुगीत खळ्यावर मिळेल ते धान्य पदरात घ्यावयाचे. दर नाही, खुर्ची नाही, नकार देण्याची मुभा नाही. त्यांच्यातील कोणी सेलूच्या बाजारात चार भिंती भाड्याने घेऊन आरसा टांगला, लाकडी खुर्ची मांडली आणि रोख पैसे घेतले, तेव्हा खेड्यातल्या बलुतेदाराच्या दृष्टीने तेच 'समोरचे दुकान' होते. आज ज्यांस आपण जुनी दुकाने म्हणतो, ती एके काळची नवी दुकाने होत. तेव्हा काच आणि थंड हवा पाहून रागावण्यात अर्थ नाही.

मला काळजी वाटते ती निराळ्या गोष्टीची. या नव्या दुकानांत जाऊन पाहा. कातर धरणारे हात पुष्कळदा आपल्याच मुलांचे आहेत. खुर्ची मात्र त्यांची नाही. ती भांडवल घालणाऱ्याची आहे, आणि त्याने वस्तरा कधी हाती धरलेला असतोच असे नाही. बाप रस्त्याच्या अलीकडे आपल्या मालकीच्या जुन्या खुर्चीजवळ गिऱ्हाइकाची वाट पाहत उभा, आणि मुलगा पलीकडे दुसऱ्याच्या खुर्चीमागे पगारावर उभा! माझ्या एका विद्यार्थ्यास मी विचारले, "अरे, बापाचे दुकान असताना तिकडे का? पैसा अधिक मिळतो काय?" तो म्हणाला, "पैशाचं तितकं नाही गुरुजी. तिकडं मला कुणी 'ए' म्हणत नाही."

मंडळी, हे उत्तर ऐकून मी निरुत्तर झालो. त्याच्या बापास साठी उलटल्यावरही कालचे पोर 'ए, चल लवकर' म्हणते, आणि बाप हसून मान डोलावतो. ते हसू मुलाने लहानपणापासून पाहिलेले आहे. आपण समजतो की मुले आरशास भुलली. मुले मानासाठी गेली आहेत.

मानाचा प्रश्न निघाला म्हणून आपल्याकडील एका चित्रपटाचे स्मरण देतो. २००७ साली मल्याळम भाषेत 'कथा परयुम्बोळ' निघाला. त्यावरून २००९ साली प्रियदर्शन यांनी हिंदीत 'बिल्लू' केला. इरफान खान यांनी त्यात खेड्यातील गरीब कारागीर उभा केला आहे. त्याच्याही समोर नवे दुकान थाटलेले आहे, आणि त्याच्या मोडक्या खुर्चीकडे कोणी फिरकत नाही. तो एका प्रसिद्ध नटाचा बालमित्र आहे असे कळताच मात्र सारे गाव त्याच्या मिनतवाऱ्या करू लागते. या चित्रपटाचे मूळ नाव 'बिल्लू बार्बर' होते. मुंबईच्या सलूनवाल्यांच्या संघटनेने हरकत घेतली आणि शाहरुख खान यांनी 'बार्बर' हा शब्द काढून टाकला. हरकत घेणाऱ्यांचे दुःख मी जाणतो. पण नाव गेले, बिल्लूची खुर्ची मोडकीच राहिली, आणि तिच्याविषयी कोणी सभा भरविल्याचे माझ्या वाचनात नाही. १८९० साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने आपल्या बांधवांची सभा भरली होती. विधवांचे केशवपन करावयाचे नाही, असा ठराव तीत झाला. त्यांनी शब्दावर नव्हे, कामावर बोट ठेवले आणि त्यापायी मिळकत सोडली. मला ती सभा अधिक जवळची वाटते.

मग करावे काय? दुकानाचे दर पाटीवर लिहावेत. वस्तरा, टॉवेल स्वच्छ असावा, हे सांगावे लागू नये. गिऱ्हाइकास आपण 'या, बसा' म्हणतो. त्यानेही आपणांस 'अहो' म्हणावे, असे एकदा शांतपणे सांगून पाहावे. एखादा उठून जाईल, जाऊ द्यावा. आणि मुलास दुकानात घ्यावयाचे तर गडी म्हणून नव्हे, भागीदार म्हणून घ्यावे. त्याने बाहेर शिकलेली नवी तऱ्हा बापाने हिणवू नये.

राहिला खुर्चीचा प्रश्न. १७ सप्टेंबर २०२३ रोजी केंद्र सरकारने विश्वकर्मा योजना सुरू केली. तिच्या १८ व्यवसायांत आपला व्यवसाय आहे. अवजारांसाठी १५ हजार रुपयांपर्यंत साहाय्य आणि ५ टक्के व्याजाने प्रथम १ लाख, ते फेडल्यावर २ लाखांपर्यंत कर्ज, अशी तरतूद आहे. कागदपत्रांच्या धास्तीने पुष्कळजण तिकडे फिरकत नाहीत. येत्या रविवारपासून सकाळी आठ ते अकरा मी घरी अर्ज समजावून देण्यास बसणार आहे. येताना आधारपत्र आणि बँकेचे पुस्तक आणावे. एक अट मात्र ध्यानात असू द्या. लाभ कुटुंबातून एकासच मिळतो, आणि कुटुंब म्हणजे पती, पत्नी व अविवाहित मुले. तेव्हा ज्यांचा मुलगा अविवाहित आहे, त्यांनी अर्ज बापाच्या नावाने करावयाचा की लेकाच्या, हे दोघांनी घरी बसून ठरवून यावे.