माहितीची चाळण आणि निर्णयाची गुणवत्ता



कोणत्याही मोठ्या संघटनेत निर्णय घेणारी व्यक्ती वस्तुस्थिती क्वचितच प्रत्यक्ष पाहते. तिच्यासमोर अहवाल येतो. तळाशी गोळा झालेली माहिती प्रत्येक पायरीवर संक्षिप्त होत वर जाते. जेम्स मार्च व हर्बर्ट सायमन यांनी १९५८ मध्ये या प्रक्रियेला ‘अनिश्चिततेचे शोषण’ असे संबोधले. पुरावा खालीच राहतो; त्यावरून काढलेला निष्कर्ष तेवढा वर पोहोचतो.

वाराणसीचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे. जून १९८६ मध्ये येथेच गंगा कृती योजनेचा प्रारंभ झाला. पुढे दीनापूर येथे दररोज ८० दशलक्ष लिटर क्षमतेचे सांडपाणी शुद्धीकरण केंद्र उभे राहिले. योजनेचे यश प्रामुख्याने उभारलेली क्षमता, पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन आणि जैवरासायनिक ऑक्सिजन मागणी यांवरून जोखले जाई. हे निकष चुकीचे नव्हते, अपुरे होते. वीज खंडित झाली की पंप थांबत आणि सांडपाणी थेट नदीत जाई. क्षमतेच्या आकड्यात हे दिसत नसे. शिवाय केंद्रातील प्रक्रियेने सेंद्रिय भार कमी झाला, तरी जीवाणूंचा पुरेसा नाश होत नसे. घाटावर स्नान करणाऱ्याच्या आरोग्याशी मात्र जीवाणूंच्या संख्येचाच थेट संबंध होता.

ही उणीव उघड केली ती संघटनेबाहेरील मोजणीने. बनारस हिंदू विद्यापीठात अभियांत्रिकीचे प्राध्यापक आणि संकटमोचन मंदिराचे महंत असलेले वीरभद्र मिश्र यांनी १९८२ मध्ये संकटमोचन फाउंडेशन स्थापन केले. संस्थेने १९९३ मध्ये तुळशी घाटावर प्रयोगशाळा सुरू केली. स्नानाच्या पाण्यात विष्ठाजन्य कोलिफॉर्म जीवाणूंची कमाल मर्यादा दर १०० मिलिलिटरला २,५०० आहे; घाटांजवळील नोंदी तिच्या कितीतरी पट निघाल्या.

माहितीची चाळण अटळ आहे. संपूर्ण माहिती कोणताही अधिकारी वाचू शकत नाही. म्हणूनच चाळणीची छिद्रे कोण ठरवतो, हा प्रशासनाचा मूलभूत प्रश्न ठरतो. निकष लाभार्थ्याच्या गरजेवरून ठरावेत, सरासरीसोबत मूळ नोंदीही उपलब्ध असाव्यात आणि मोजणी करणारी यंत्रणा अंमलबजावणी करणाऱ्या यंत्रणेपासून स्वतंत्र असावी. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ मुळे नागरिकाला मूळ नोंदी मागता येतात. त्या अधिकाराचे महत्त्व केवळ पारदर्शकतेपुरते नाही. वर जाताना गळून पडलेले सत्य निर्णयकर्त्यापर्यंत परत नेण्याचा तो मार्ग आहे.