पंचवीस की वीस पाच?

२०१९चा जून आठवतोय? बालभारतीचं दुसरीचं गणिताचं पुस्तक आलं आणि त्यात ‘एकवीस’च्या जोडीला ‘वीस एक’ असं संख्यावाचन दिलेलं होतं. मग काय, व्हॉट्सॲपवर विनोदांचा पूर आणि विधानसभेत थेट मुख्यमंत्र्यांच्या आडनावावर कोट्या!

‘जोडीला’ हा शब्द नीट ऐका. जुनी नावं रद्द झालीच नव्हती. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर तेच सांगत होत्या, पण तोवर ‘मराठी बुडाली’ सुरू झालं होतं.

मुळात अडचण काय? ‘पंचवीस’ म्हणताना पाच आधी ऐकू येतात, लिहायचे मात्र दोन आधी. मग मूल ५२ लिहितं आणि आपण म्हणतो, लक्ष नाही. अहो, त्यानं ऐकलं तसंच लिहिलंय! त्रेपन्नमध्ये ना धड तीन, ना धड पन्नास. एकोणसत्तरमध्ये नाव सत्तरचं, पण आकडा साठीतला. एकोणनव्वदपर्यंत हा ‘एकोण’ सांभाळायचा आणि नव्व्याण्णवला तोही सोडायचा. वर जोडाक्षरं आहेतच. घरी कुणी पाढे घोकून घेणारं असेल तर मूल यातून तरून जातं. ज्याच्या घरची भाषाच वेगळी आहे, त्याचं काय?

शेजारच्या कन्नड-तेलुगूत दशक आधीच येतो. नॉर्वेत तर ‘एक आणि वीस’ऐवजी ‘वीस एक’ म्हणायचं, हे संसदेनं ठरवलं आणि १९५१पासून ते लागू झालं. कारण काय, तर टेलिफोन! नंबर सांगताना घोटाळे नकोत. आणि गंमत म्हणजे, तिथली जुनी पद्धत लोकांच्या बोलण्यात आजही टिकून आहे.

‘मुलांना दोन-दोन नावं म्हणजे दुप्पट ओझं,’ हा आक्षेप मात्र मला रास्त वाटतो. त्यावर बोलायला हवं होतं. वर्गात कुठलं नाव कधी वापरायचं, पालकांना काय सांगायचं, हे पुस्तकाच्या आधी शिक्षकांपर्यंत पोचायला हवं. माझ्या मते ‘वीस पाच’ लिहिताना म्हणावं, ‘पंचवीस’ बाजारात. घरात दुसरीतलं मूल असेल तर त्याला आज ‘त्रेसष्ट’ लिहायला सांगा. अडलं तर ‘साठ तीन’ म्हणून बघा, आणि काय झालं ते आम्हाला कळवा.