बिनपगारी अनुभव



गेल्या महिन्यात साताऱ्याहून भाचीचा फोन आला. "मामू, बी.ए.ला मराठी घेऊन मी चुकले का? मुलाखतीत पहिला प्रश्न असतो, अनुभव काय?" तिला पुण्यात सहा महिन्यांची इंटर्नशिप मिळत होती, पण बिनपगारी. खोलीचं भाडं, खाणावळ कोण भरणार? तिचे अब्बा शिलाईकाम करतात.

मीही मराठी घेऊनच बी.ए. झालो. सांगलीत शिकत असताना संध्याकाळी एका छापखान्यात प्रुफं तपासायचो. ऱ्हस्व-दीर्घ कॉलेजात शिकलो. पण एक खिळा बदलला की सगळी ओळ कशी सरकते, हे कंपोझिटरनं दाखवलं. शनिवारी हातावर थोडे पैसे पडायचे. त्यात पुस्तकं आणि एसटीचा पास निघायचा. पुढं नोकरी मिळाली, ती गुणपत्रिकेपेक्षा या कामामुळं. इंजिनिअरिंग किंवा कॉमर्सच्या मुलांना पदवीच थोडीफार वाट दाखवते. आम्हा बी.ए.वाल्यांना हातचं काम दाखवावं लागतं.

हा विचार आपल्या मातीतलाच आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. १९२४ मध्ये ती साताऱ्यात आणली. १९४७ साली तिथं छत्रपती शिवाजी कॉलेज निघालं, ते 'कमवा आणि शिका' या तत्त्वावर. शब्दांचा क्रम पाहा. आधी 'कमवा' आहे. गरिबाच्या पोराला फुकट राबवून शिकवता येत नाही, हे अण्णांना ठाऊक होतं.

कायद्यालाही ते मान्य आहे. १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी कायद्यात विद्यावेतन आहे. २०१४ च्या दुरुस्तीनं त्याचं दार अभियांत्रिकीबाहेरच्या पदवीधरांनाही उघडलं. २०२४ साली राज्य सरकारनं युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली, तेव्हा पदवीधराला दरमहा १० हजार रुपये ठरवले. मग बिनपगारी अनुभव कोण घेऊ शकतो? ज्याच्या घरी सहा महिने पुरेल एवढं आहे, तोच. नोकरीच्या रांगेत तोच पुढं जातो, आणि आपण म्हणतो, पोरगं हुशार निघालं.

भाचीला म्हणालो, "बेटा, विषय चुकलेला नाही. पुण्याला नको जाऊस. विद्यावेतनाची जागा शोध, तोवर गावातच काम धर." सध्या ती साताऱ्यात एका डीटीपीच्या दुकानात अर्धा दिवस मजकूर तपासते. पैसे थोडे आहेत, पण मिळतात. नोकरी अजून लागलेली नाही. मुलाखतीतल्या पहिल्या प्रश्नाला मात्र आता तिच्यापाशी उत्तर आहे.